कंपनीची छत्री

छत गळायला लागलं ते नेमकं शाळेवर. शाळा पुठ्ठ्याची होती, पण मॉडेलवाल्या बाईंचा अख्खा उन्हाळा तिच्यात गेला होता. शुक्रवारी शाळेचे विश्वस्त ती बघायला येणार होते. पसंत पडली तरच खऱ्या शाळेचं काम कंपनीला मिळणार होतं. वरच्या मजल्यावर कर्मचाऱ्यांसाठी व्यायामशाळा होती, आणि तिथल्या गरम शॉवरचा पाइप गळत होता.

शाळा बाजूला सरकवावी, तर खोलीभर टेबल आणि टेबलभर शाळा. बाहेर काढावी, तर दार लहान. इमारतींचे नकाशे काढणाऱ्या कंपनीत हे आधी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

बाई साहेबांकडे गेल्या. साहेब अंग चेपणाऱ्या खुर्चीत होते. अशा खुर्च्या मजल्यामजल्यावर होत्या. जेवण फुकट, दातांचा डॉक्टर फुकट, घरी मांजर आणलं तरी भरपगारी सुट्टी. साहेब माणूस लोण्यासारखा मऊ. निर्णयही तसेच, हातात धरले की वितळायचे.

"साहेब, छत गळतंय. फळी काढून पाइप बघायला लागेल. तुमची सही हवी."

"अरेरे! तुम्ही भिजलात?" साहेब खुर्चीसकट थरथरत म्हणाले.

"मी नाही, शाळा भिजतेय."

"बघू. घाई नको. तोवर तुमची गैरसोय मात्र होऊ देणार नाही मी."

दुपारी छत्र्या आल्या. लाकडी मुठीच्या, भारीतल्या, माणशी एक. दुसऱ्या दिवशी धार वाढली, तेव्हा गमबूट आले. हिशेबनीस काकांनी तर चावतात म्हणून बदलूनही आणले. सही काही आली नाही. 'कर्मचाऱ्यांनी सहीशिवाय भिंतीला वा छताला हात लावू नये' ही दारावरची पाटी तेवढी ठणठणीत कोरडी होती.

गुरुवारी बाईंनी धाकट्या भावाला फोन केला. तो प्लंबर होता, आणि बाहेरच्या माणसाला पाटी लागू नव्हती.

"एवढंच ना, ताई? चहा निवायच्या आत करतो," म्हणत त्याने शिडी लावली. तेवढ्यात साहेब डोकावले.

"हे कोण?"

"माझा भाऊ. प्लंबर आहे."

"वा! आपल्याकडे प्लंबरच नाही, हे कसं सुचलं नाही मला? आजपासून तुम्ही आमचे. चला, आधी जेवून घ्या!" द्यायचं म्हटलं की साहेबांना कधी विचार करावा लागत नसे.

भाऊ परतला तो सावकाश, पोट भरून, पायात गमबूट घालून.

"चढ आता," बाई म्हणाल्या.

"रागावू नकोस, ताई. मी आता कर्मचारी. सहीशिवाय हात लावला तर नोकरी जाईल, आणि ती खुर्चीपण. पाठ काय मोकळी झालीय म्हणून सांगू!"

"लहानपणी तुला पाठुंगळीला घेऊन माझी पाठ गेली, तिचं काय?"

शाळेच्या गच्चीचा एक कोपरा फुगू लागला होता. बाईंनी त्याच्यावर छत्री धरली. मग म्हणाल्या,

"काय रे, नव्या माणसाला सुट्टी मिळते?"

"कधीही घ्या म्हणाले. सहीसुद्धा लागत नाही."

"मग घे. सुट्टीवरचा माणूस कर्मचारी कसला? खाली जा, ते बूट काढ, आणि बहिणीला भेटायला ये."

भाऊ खाली गेला आणि पाहुणा होऊन वर आला. चहा खरंच निवला नाही. फुगलेला कोपरा कापून बाईंनी दिवे लागायच्या आत नवा बसवला.

शुक्रवारी विश्वस्तांनी शाळेभोवती कसेबसे दोन फेरे मारले, वाकून खिडक्यांतून आत पाहिलं.

"सुरेख! काम तुमचंच. आता एवढी ही आमच्याकडे पाठवा. आजच. मुलांना दाखवायचीय."

साहेबांनी शाळेकडे पाहिलं, मग दाराकडे. "बघू," ते म्हणाले, आणि विश्वस्तांच्या हातात प्रेमाने एक छत्री ठेवली.

बाई हळूच भावाच्या कानाशी गेल्या. "तुझ्या बायकोचा भाऊ सुतार ना रे?"

"हो. बोलावू?"

"बोलाव. पण त्याला म्हणावं, घरून जेवूनच ये."