मागचं डावं दार

वसंतकाका सेकंडहँड गाडी बघायला येतात तेव्हा बोनेट उघडत नाहीत. किलोमीटर विचारत नाहीत, किंमत तर नाहीच नाही. पिशवीतून एक लाल पंचा आणि शाळेतली लाकडी फूटपट्टी काढतात. फूटपट्टी उजव्या गुडघ्यामागे लावून वरून पंचा असा करकचून बांधतात की पाय वाकूच नये. मग गाडीचं मागचं डावं दार उघडतात, कण्हत कण्हत आत बसतात, कण्हत कण्हत बाहेर येतात, परत बसतात. अकरा वेळा. तोंडाने मोजत.

हे सगळं नालासोपाऱ्यात भर रस्त्यालगत, जुन्या गाड्या विकणाऱ्याच्या मोकळ्या पटांगणात, दहा माणसांसमोर. चौथ्या खेपेला विकणारा माझ्या कानाशी आला. "मॅडम, अंकल ठीक है ना?"

"नहीं," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

काकांना ते ऐकू गेलं, पण त्यांच्यावर काही परिणाम झाला नाही. डोळे मिटून, पिशवी मांडीवर घेऊन ते मागच्या सीटवर बसले होते. "थांब रेखे," म्हणाले, "अजून बसून झालं नाय."

हे वाक्य मी गेल्या दोन महिन्यांत इतक्यांदा ऐकलंय की कोणी नुसतं 'थांब' म्हटलं तरी माझं डोकं फिरतं.

वसंतकाका म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. वसईजवळ गिरीजला आमच्या वाडीला लागूनच त्यांची वाडी. वय बहात्तर, काकी जाऊन चार वर्षं झाली, मुलगा पुण्याला. केळी, नारळ आणि चार वाफे मोगरा एवढ्यात त्यांचा दिवस जातो. मी सेहेचाळीस वर्षांची, पतपेढीत चोवीस वर्षं कर्जाचे अर्ज तपासणारी बाई. माणूस खोटं बोलतोय हे मला तो खुर्ची ओढून बसायच्या आत कळतं. पण मी गाडी घेणार म्हटल्यावर सगळा गाव एका सुरात सुरू झाला, "एकटी जाऊ नकोस गं, वसंतकाकांना घेऊन जा."

का? गाडी मला चालवता येते, पैसे माझे, लायसन्स माझं. काकांचं या विषयातलं ज्ञान काय? तर तीन वर्षांपूर्वी आमच्याच आळीतला एकजण गाडी घेत होता आणि काकांनी त्या गाडीत बसायचा हा प्रयोग केला. पाचव्या की सहाव्या वेळी तोल गेला म्हणून त्यांनी सीटबेल्ट धरला, तो टोकापर्यंत बाहेर आला, आणि त्या टोकाला वाळलेला चिखल निघाला. गाडी पावसात बुडालेली होती. झालं! तेव्हापासून काका गाड्यांचे वैद्य. अहो, पडता पडता पट्टा हातात आला, यात विद्या कसली? पण लोकांना सांगणार कोण.

माझी घाई मात्र खरी होती. आईचा खुब्याचा सांधा बदलला होता आणि डॉक्टरांनी रिक्षा बंद केली होती, इथल्या खड्ड्यांची त्यांना कल्पना असावी. आईची मोठी बहीण, आमची मावशी, गासला अंथरुणाला खिळलेली. गिरीज ते गास अंतर ते काय! पण आठ महिने दोघी भेटल्या नव्हत्या. मावशीला ऐकू कमी येतं, त्यामुळे रोज सकाळी दोघी फोनवर एकमेकींवर ओरडायच्या. "जेवलीस का?" "गेला होता, आला परत!" असं काहीतरी चालायचं आणि दोघी खूष असायच्या. मग मावशी फोनवर यायची बंद झाली. तिची सून म्हणाली, "रेखाताई, तेवढी गाडी लवकर बघा. त्या रोज विचारतात, शालू कधी येतेय."

मी आईला म्हटलं, अँब्युलन्स बोलावते. आई म्हणाली, "अँब्युलन्समधून उतरताना बघितलं तर ताई तिथल्या तिथे जाईल." शेजाऱ्यांची गाडी मागते म्हटलं तर, "लोकांच्या गाडीत मला अवघडायचं नाही." एकूण काय, तर गाडी आणायची, ती मी आणायची आणि मावशी असेपर्यंत आणायची.

आणि मध्ये हे काका.

पहिली गाडी त्यांनी नाकारली. ठीक आहे, मलाही तिचा क्लच कडक लागला होता. दुसरी गाडी मात्र, काय सांगू तुम्हाला, नुसती लोणी होती. पांढरीशुभ्र, एका डॉक्टरांनी वापरलेली, टायर नवे, सर्व्हिसचा प्रत्येक कागद फाइलमध्ये. मी तास दीड तास घासाघीस करून माणसाला चाळीस हजारांनी खाली आणलं. तो रडकुंडीला आला होता. तेवढ्यात अकरावी खेप संपवून काका बाहेर आले, पंचा सोडला आणि म्हणाले, "ही नको."

"का?"

"बसायला नाय."

"म्हणजे काय बसायला नाय? पाच माणसांची गाडी आहे!"

"बसायला नाय म्हणजे नाय. वहिनीसाठी घेतेस ना? मग ही नको."

मी घरी येऊन आईला सांगितलं की मी उद्या एकटी जाऊन टोकन देणार. आई म्हणाली, "भावोजी नको म्हणाले ना? मग नको." दुसऱ्या दिवशी ती गाडी विरारच्या कोणीतरी उचलली. त्याच दुपारी गासहून फोन आला, मावशीने दोन दिवस काही खाल्लं नाही.

तिसऱ्या गाडीला काकांनी पुन्हा "बसायला नाय" म्हटलं आणि माझा बांध फुटला. पटांगणात, सगळ्यांसमोर, मी त्यांना वाट्टेल ते बोलले.

"तुम्हाला एवढं कळतं ना काका? मग तुमच्या दारात ती धुडासारखी गाडी का सडतेय? केळीचे लोंगर वाहायला घेतलीत, स्वस्तात मिळाली म्हणून गावभर मिरवलीत. काकींना बसवलंत कधी तिच्यात? एका लग्नाला नेलंत? मी तर आयुष्यात त्यांना त्या गाडीत बघितलं नाही! आणि मला शिकवताय बसायचं?"

काकांनी पायाचा पंचा सोडला, नीट घडी केली, फूटपट्टी पुसून पिशवीत ठेवली आणि रिक्षा करून एकटे निघून गेले. मी घरी जाऊन भांडी आपटली. आईशीसुद्धा बोलले नाही. मी चुकले असं मला अजिबात वाटत नव्हतं, हे खरं तेच सांगते.

सकाळी काका फाटकात उभे. "चल," म्हणाले, "दाखवायचंय."

त्यांच्या वाडीच्या टोकाला पत्र्याची शेड आहे. तिथे ती गाडी, चिखलाच्या रंगाची, माझ्या गुडघ्याएवढ्या उंच पायरीची. सीटवर नारळाची सोलून टाकलेली सोडणं पडलेली. काकांनी मागचं डावं दार उघडलं.

"ही घेतली तेव्हा मी सहा लोंगर घेऊन गेलो होतो, मागे मावतात का बघायला. मावले. तुझ्या काकीला नेलंच नव्हतं. पुढे नेहमी कोणी ना कोणी पाहुणा, म्हणून तिची जागा ही. पहिल्या दिवशी चढली, गुडघे दुखरे, दोन बायकांनी मागून ढकललं तेव्हा चढली. लोक हसले. मीपण हसलो. त्यानंतर कधी म्हटलं चल, तर म्हणायची, मला नको, मला फिरायची आवड नाय, तुम्ही जाऊन या."

"मग?"

"मग काय? मी जाऊन आलो. अकरा वर्षं. लग्नं, बारशी, जत्रा. सगळ्यांना सांगायचो, आमच्या हिला घरच आवडतं."

काकांनी शेडच्या कोपऱ्यातून एक पाट काढला. नेहमीच्या पाटापेक्षा उंच, चार जाड पाय, आणि प्रत्येक पायाखाली जुन्या चपलेचं रबर खिळ्याने ठोकलेलं.

"ती गेल्यावर माळ्यावर सापडला. देवापुढचा असेल म्हणून मी ठेवून दिला. पुढच्या पावसात मी शेवाळावरून घसरलो, गुडघा गेला, आणि पोरांनी मला या दारातून आत घातलं. तेव्हा मला कळलं गं, या दारातून चढायचं म्हणजे काय ते." काका पाटाच्या पायाखालचं रबर अंगठ्याने दाबून बघत होते. "घरात बसायच्या पाटाला कोण रबर ठोकतं, रेखे? सुताराला विचारलं, तर त्याने तो पहिल्या वर्षीच करून दिला होता. पण तिने एकदासुद्धा बाहेर काढला नाय. मी ओरडलो असतो ना. चारचौघांत पाट काय काढतेस म्हणून."

मला कोणावर तरी ओरडायचं होतं, पण ओरडायला माणूस सापडेना. मी दोन महिने टायर बघत होते, किलोमीटर बघत होते, रंग बघत होते. आईला खुब्यात वाकायचं नाही हे डॉक्टरांनी मला दोनदा बजावलं होतं. गाडीची सीट किती उंचीवर आहे हे मी एकदाही बघितलं नव्हतं.

चौथी गाडी वसईतच मिळाली. रंग वांग्यासारखा, आकार पावाच्या लादीसारखा, डॉक्टरांच्या गाडीपेक्षा तीस हजारांनी महाग आणि दोन वर्षांनी जुनी. काकांनी अकरा खेपा केल्या, पंचा सोडला आणि पहिल्यांदाच बोनेट उघडलं. "घे," म्हणाले. "आधी टेकायचं, मग पाय आत. वाकायला नको, चढायला नको." मी आयुष्यातला सगळ्यात वाईट सौदा केला. विकणाऱ्याने पायपुसणी तेवढी फुकट दिली.

रविवारी आम्ही गासला गेलो. आई मागच्या डाव्या दाराशी पाठ करून उभी राहिली, घरच्या खुर्चीवर टेकावी तशी टेकली, आणि मग एकेक पाय आत घेतला. कोणी ढकललं नाही. "बाई गं," म्हणाली, "हे सोपं आहे की!" काका माझ्या शेजारी बसले होते. ते समोरच्या काचेतून नारळाची झाडं बघत राहिले.

मावशीचं पार चिपाड झालं होतं. आई काठी टेकत स्वतःच्या पायांनी आत गेली आणि तिच्या खाटेवर बसली. मावशीने बराच वेळ तिच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "एवढा उशीर?"

"रेखाला विचार!" आई तिच्या कानाशी ओरडली. मग दोघी एकमेकींचे हात धरून रडत आणि ओरडत सुटल्या, कोण काय बोलतंय ते दोघींनाही कळत नव्हतं. मावशीने आईच्या हातून दोन घास पेज खाल्ली. सून पदराला डोळे पुसत चहा ठेवायला गेली.

काका आत आलेच नव्हते. मी तणतणतच बाहेर गेले, आता या माणसाला चहासाठी आमंत्रण द्यायचं का वेगळं?

गाडी चिंचेखाली उभी होती. मागचं डावं दार सताड उघडं. दाराखाली जमिनीवर तो पाट मांडलेला, या गाडीला त्याची काही गरज नव्हती तरी. काका आत मागच्या सीटवर होते, पण पलीकडे, उजव्या कडेला, अंग चोरून. डावी जागा त्यांनी मोकळी ठेवली होती आणि सीटवरची धूळ पंच्याने पुसून घेतली होती.

"काका, चहा झालाय."

त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"थांब रेखे," म्हणाले, "अजून बसून झालं नाय."

मी थांबले. चहा निवला, सून दोनदा हाका मारून गेली, तिला मी हातानेच गप्प राहा म्हटलं.