एकाच पायाचा मोजा

सून कामाला निघाली की सासूबाई दारातच तिच्या तळहातावर आपली पित्ताची कॅप्सूल ठेवत. सून बस चालवायची. जेवणाला ना वेळ ना काळ, त्यामुळे घशाशी सारखं आंबट यायचं.

"मला लागू पडते, तुला का नाही पडायची? घे गं!"

पुढे सुनेची पाळी चुकली. पुढच्या महिन्यातही आली नाही. मुलगा सुतार, लोकांसाठी त्याने कितीतरी पाळणे केले होते, स्वतःच्या घरात मात्र एकही नव्हता. सासूबाईंनी बाळाच्या मोज्यांसाठी लोकर काढली.

"आई, तपासणीच्या पट्टीवर एकच रेघ आलीये."

"पट्टीला काय कळतंय! मळमळतंय ना?"

"ते तर आधीपासूनच..."

"झालं तर! आता दोनदा घे कॅप्सूल."

पाळी आणखी लांबली. एकदा तर सुनेच्या गणवेशावर छातीशी दुधाचा डाग दिसला. मग काय विचारता! सासूबाईंनी गल्लीभर सांगितलं, मुलाने लाकडाला रंधा मारला. सुनेलाही खरं वाटू लागलं. ती खड्ड्यांतून बस इतकी अलगद नेई, की प्रवासी उशीर झाला म्हणून कुरकुरत.

शेवटी दोघी दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिले.

"बाळ नाहीये. दूध आणणारं हार्मोन वाढलंय, त्यानेच पाळी अडलीये. काही गोळ्या चालू आहेत?"

सासूबाईंनी मोठ्या ऐटीत पिशवीतून पाकीट काढलं.

"याच्यात पित्ताच्या औषधाबरोबर उलटीवरचंही औषध असतं, ते हे हार्मोन वाढवतं. शरीराला वाटतंय, बाळ झालंय."

"शरीराचं काय घेऊन बसलात? आमच्या घरी पाळणा तयार होतोय," सून म्हणाली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"ही कॅप्सूल बंद करा. नाहीच आली पाळी, तर हार्मोन उतरवायचं औषध आहे. नीट सुरू होऊ द्या, मग आशेला जागा आहे."

दुसऱ्या दिवसापासून दारात सासूबाई सुनेच्या हातावर डबा ठेवू लागल्या. "वेळेवर खा," एवढंच म्हणत. विणून झालेला एकच मोजा उसवायला घेत आणि तसाच ठेवून देत.

काही आठवड्यांनी एका सकाळी न्हाणीघरातून हाक आली, "आई, आली!"

सासूबाई धावल्या. दोघी गळ्यात पडून रडल्या. शेजारीण धावत आली. "काय गं, गोड बातमी?"

"हो! पाळी आली!"

शेजारणीला हसावं की समजूत घालावी, कळेना.

सासूबाई डोळे पुसून खिडकीशी बसल्या, आणि त्यांनी सुईवर दुसऱ्या मोज्याचे टाके घातले. अगदी सावकाश.