बाबूअण्णांचा आखूड गणपती

“अण्णा, हा गणपती आहे की कीचेन?”

मंडळाच्या सभेत कुलकर्णी ओरडत होता. नुकताच पुण्याहून कॉम्प्युटरच्या नोकरीवर आलेला, त्यामुळे आवाज अजून शाबूत होता. आमचे अध्यक्ष बाबूअण्णा गळ्यातल्या टेपवर बोट ठेवून यंदाच्या मूर्तीची उंची दाखवत होते. बोट इतकं खाली होतं की मागच्या रांगेतले उठून उभे राहिले.

बाबूअण्णांचं इथे कानडी मुलखात, जयनगरात कापडदुकान. माणसाचं कुठलंही दुखणं ते इंचांत मोजायचे. श्रावण लागला की टेप गळ्यात टाकून मराठी घरं पालथी घालायची आणि “कोण आडवं आहे?” विचारत थेट आतल्या खोलीत शिरायचं. कोणी सापडलंच तर डॉक्टरांचा आकडा ऐकून टेपवर अंगठा सरकायचा. “सरी,” म्हणजे ठीक, “स्वल्प कमी करू.” तेवढी मूर्ती आखूड, आणि वाचलेली वर्गणी दवाखान्यात. शिंदेकाकूंच्या मोतीबिंदूत मुकुट गेला, माझ्या हर्नियात उंदीर गेला. एका साली तर मलेरियाने, शपथेवर सांगतो, अख्खं सिंहासन खाल्लं.

यंदा नारायणची किडनी होती. नारायण बाजारात केळी विकायचा. आरतीत त्याचा आवाज म्हैसूरपर्यंत जायचा, पण वर्गणी त्याने जन्मात दिली नव्हती. आता खडा अडकला होता आणि लगेच ऑपरेशन केलं नाही तर किडनी जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

कुलकर्णीचं म्हणणं सरळ होतं. “ज्याने दमडी दिली नाही त्याच्यासाठी आम्ही का द्यायचं? मी तर कधी आजारीच पडत नाही.”

“म्हणून तर तू द्यायचं,” अण्णा म्हणाले. “जो आडवा पडलाय तो कुठून देणार? आणि काय रे, प्रसाद वाटताना पावती मागतोस? पुढे येईल त्या हातावर ठेवतोस ना? मग सलाईनच्या वेळीच पावती कशी आठवली?”

कुलकर्णीने हरकत घ्यायला हात वर केला. तो मतांत मोजून ठराव पास झाला.

मूर्ती आली ती अण्णांच्या शर्टाच्या खिशातून. वाकून वाकून आरत्या केल्या, निम्म्या मंडळाची कंबर धरली. विसर्जनाला मात्र ढोल-ताशे दणक्यात. रस्ता तुंबला, बसमधले लोक खिडकीतून माना काढून गणपती कुठाय म्हणून विचारू लागले. मागून नारायण, पोटाला पट्टा बांधून, ओरडू नको म्हटलं तरी ओरडत होता.

परतताना विसर्जनाची बादली कुलकर्णीच्याच हातात होती. त्याने हळूच विचारलं, “अण्णा, खरं सांगा. तुम्हाला मोठी मूर्ती आवडत नाही का?”

अण्णा टेप गुंडाळत होते.

“फार आवडते. एकदा पुरुषभर आणली होती, मीच. त्या साली बायको आतल्या खोलीत आडवी होती. कोणी विचारलं नाही, आणि मला मागायची लाज वाटली.”