धड हाताचं प्लास्टर

प्लास्टर घालून झालं, हात धुऊन झाले, आणि मग धाकटीच्या लक्षात आलं की ते काढायचं कसं हे तिला अजून शिकवलेलंच नाही.

"पुढच्या महिन्यात आहे ते," ती म्हणाली.

"म्हणजे पुढच्या महिन्यापर्यंत मी असाच?" आजोबांनी डावा हात उचलून पाहिला. कोपराखालपासून बोटांच्या मुळांपर्यंत पांढराशुभ्र आणि टणक. आतला हात अगदी धड होता. कुठे पडणं नव्हतं, झडणं नव्हतं.

धाकटी अकरावीत. तिच्या शाळेने हॉस्पिटलाशी ठरवून काही मुलांना उमेदवारीला पाठवलं होतं. आठवड्यातले दोन दिवस हॉस्पिटल, बाकीचे दिवस शाळा, आणि वर्ष नीट पार पडलं की पुढच्या शिक्षणाची जागा पक्की. धाकटीच्या वाट्याला प्लास्टरची खोली आली तेव्हा ती हरखून गेली होती. पण तिच्या प्लास्टरला सुरकुत्या पडत. "हे प्लास्टर आहे की चुरगळलेली चादर?" असं तिथल्या सिस्टर रोज विचारत. शेवटी त्यांनी मुदत संपलेल्या पट्ट्यांच्या चार गुंडाळ्या तिच्या हातात ठेवल्या आणि बजावलं, "घरी टेबलाच्या पायावर सराव कर. टेबलाच्याच. माणसाला हात लावलास, तर ही खोली विसरायची."

टेबलाने बिचाऱ्याने सोसलं. पण टेबलाच्या पायाला ना मनगट, ना अंगठा. हे सगळं खुर्चीत बसून पाहणारे आजोबा म्हणाले, "त्या लाकडाला काय कळतंय? माझा हात घे. नाहीतरी कुणाला हवाय तो?"

धाकटी हसली आणि तिने पट्टी पाण्यात बुडवली. त्या शेवटच्या वाक्याकडे आपण तेव्हा लक्ष दिलं नाही, याचं तिला पुढे फार वाईट वाटलं. तेव्हा तिचं सगळं लक्ष सुरकुत्यांकडे होतं, आणि त्या दिवशी एकही सुरकुती पडली नाही.

बाबा कामावरून आले, त्यांनी हात पाहिला आणि सरळ स्वयंपाकघरातून पाव कापायची सुरी आणली. आईने ती त्यांच्या हातून काढून घेतली. "प्लास्टर काढायचंय, हात नाही," ती म्हणाली. मग आजोबांना बादलीत हात बुडवून बसवलं. प्लास्टर जरा नरम पडेल असं वाटतंय तोच दाराची बेल वाजली आणि शेजारच्या काकू थेट आत आल्या.

"अगं बाई! अण्णा, कुठे पडलात?"

आता खरं सांगायला काय हरकत होती? हरकत एवढीच, की काकूंची भाची त्याच हॉस्पिटलात केसपेपर काढायला बसायची, आणि काकूंच्या पोटात तीळ भिजत नसे. आजोबांनी नातीकडे पाहिलं. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"बाथरूममध्ये पाय सटकला," आजोबा म्हणाले आणि बादलीतून हात बाहेर काढून त्यांनी तो छातीशी धरला.

झालं. बातमी जिना उतरून गल्लीत गेली. माणसं येऊ लागली, फळं येऊ लागली. एरवी वर्तमानपत्रवाल्याशिवाय आजोबांना कुणी हाक मारत नसे, आता खुर्च्या कमी पडू लागल्या. दोन दिवसांनी आजोबा बाथरूममधून निघून जिन्यावरून पडायला लागले, कारण तिथे सांगण्यासारखं जास्त होतं. आणि काकूंनी फोन केल्यामुळे, जिला तीन वर्षांत सुट्टी मिळाली नव्हती त्या आत्याला एका दिवसात मिळाली. ती बॅग घेऊन दारात उभी राहिली.

"अण्णा, एवढं झालं आणि मला कळवलं नाहीत?"

"म्हटलं, तू कामात असशील."

आत्याने त्यांच्या जेवणाचा ताबा घेतला. डावा हात प्लास्टरमध्ये, उजवा मोकळा, तरी ती त्यांना भरवत होती आणि आजोबा उजवा हात पाठीमागे ठेवून गुमान तोंड उघडत होते. बाबा हे पाहून ताटावरून उठून जात.

"आजोबा, मी सांगून टाकते," ती रोज म्हणायची.

"आज नको. आज ती माझं कपाट आवरणार आहे."

दुसऱ्या दिवशी आत्या त्यांची नखं कापणार होती. तिसऱ्या दिवशी नुसतंच बोलत बसायचं होतं. आजोबांच्या आवाजात असं काहीतरी होतं, की धाकटीला नाही म्हणवेना.

पण आत्या हुशार. "एक्स-रे कुठे आहे?" तिने बाबांना विचारलं. बाबांनी आईकडे पाहिलं, आईने कपाटाकडे. "हरवलास ना, दादा? तुझ्यावर काही सोपवायची सोय नाही. मीच नेते उद्या त्यांना."

उद्या म्हणजे नेमका धाकटीचा हॉस्पिटलचा दिवस. ती गणवेशात कोपऱ्यात उभी होती, तेव्हा आत्या आजोबांना घेऊन प्लास्टरच्या खोलीत आली. सिस्टरांनी हात उलटसुलट करून पाहिला. "सुरेख घातलंय. कुणाचं काम?"

धाकटी पट्ट्यांच्या गुंडाळ्या रचू लागली. मग एक्स-रे आला. सिस्टरांनी तो उजेडासमोर धरला. "हाड तर धड आहे."

"लवकर जुळलं असेल," आजोबा म्हणाले.

"मी घातलं, सिस्टर," धाकटी म्हणाली. एकदा तोंड उघडल्यावर तिने टेबलापासून बादलीपर्यंत सगळं सांगितलं.

आत्या आजोबांकडे वळली. "खोटं सांगून बोलावलंत मला?"

"मी कुठे बोलावलं? तू आलीस." आजोबांनी मान खाली घातली. "बोलावलं असतं, तर आली असतीस का?"

हे ऐकून आत्या जास्तच चिडली. दुपारच्याच बसने परत जाते, म्हणाली.

सिस्टरांनी प्लास्टर कापायची विजेची आरी धाकटीच्या हातात दिली. "घातलंस तू, काढायचंही तूच. ही नुसती थरथरते, कातडीला लागत नाही. धर नीट."

"सावकाश काप गं," आजोबा हळूच म्हणाले. "घाई नाही."

त्यांना दुखत नव्हतं, हे तिला कळत होतं. तिने जमेल तितकं सावकाश कापलं. आत्या दोनदा घड्याळ बघून गेली. "एवढ्या वेळात माझ्या हातून दोन पाय मोकळे झाले असते," सिस्टर पुटपुटल्या. तरी शेवटी प्लास्टरचे दोन भाग झालेच. आतून आजोबांचा सुरकुतलेला हात बाहेर आला, आणि आत्या बॅग भरायला घरी निघाली.

सिस्टरांनी शब्द पाळला. धाकटीची पक्की होऊ घातलेली जागा गेली, पुढच्या वर्षी तिला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची होती. तोवर चादरींच्या खोलीत घड्या घालायच्या. "इतकी वर्षं शिकवतेय मी," सिस्टर तिला निरोप देताना म्हणाल्या, "असं प्लास्टर क्वचित बघितलं. तेही धड हातावर." त्यांनाही वाईट वाटत होतं, ते त्यांनी लपवलं नाही.

घरी खुर्च्या पुन्हा भिंतीला लागल्या. आजोबा दोन्ही हात मांडीवर ठेवून बसत, आणि धाकटीला त्या हातांकडे बघवत नसे. आपण खरं आणखी एक दिवस उशिरा सांगितलं असतं तर, असं तिच्या मनात यायचं. मग खरं सांगायला आधीच उशीर केल्याचीही लाज वाटायची.

महिनाभराने एका सकाळी फोन आला. धाकटीने उचलला.

"अण्णांना सांग, माझा पाय मोडलाय," आत्या म्हणाली. "प्लास्टर घातलंय."

"कुठला पाय?" धाकटीने हॉस्पिटलात शिकवल्याप्रमाणे विचारलं.

"डावा," आत्या म्हणाली. "नाही, थांब. उजवा."

धाकटीने निरोप सांगितला. बाबा वर्तमानपत्र बाजूला ठेवून म्हणाले, "नीट विचार तिला, खरंच मोडलाय का?"

"काही विचारू नका," आजोबा म्हणाले. ते केव्हाच उठले होते आणि दोन्ही हातांनी बॅग भरत होते. भरता भरता थांबून त्यांनी नातीला जवळ बोलावलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "तुझी एखादी गुंडाळी उरलीय का गं? तिच्याकडे नसणार."