मुश्ताकचाचांचं वाढतं माप

आमच्या जळगाव जामोदमध्ये मुश्ताकचाचांनी आजवर एकाही पोराचे कपडे त्या पोराच्या मापाचे शिवलेले नाहीत. माप ते घेतात, अगदी मन लावून घेतात. पोराला ताठ उभं करतात, खांद्याला टेप लावतात, आकडा पुटपुटतात आणि मग त्यात दोन वर्षं मिळवतात. इंच नव्हे, वर्षं. पाचवीतल्या पोराला सातवीची पँट. कोणी तक्रार केलीच तर त्यांचं ठरलेलं उत्तर असतं, "पोरगं वाढते, कापड वाढत नाही."

आईबाप यावर खूश असायचे. पोरांना कोणी विचारत नसे. माझ्या पाचवीतल्या खाकी अर्ध्या पँटीला अर्धी म्हणणं कठीण होतं. ती पोटऱ्यांपर्यंत यायची आणि कमरेला करदोट्याच्या भरवशावर टिकायची. सातवीत ती मला नेमकी बसली, आणि बसली त्याच महिन्यात बसायच्या जागी फाटली. चाचांकडे नेली तर म्हणाले, "पाह्य, कशी फिट बसली होती." वर्गाच्या जुन्या फोटोत आम्ही सगळे मोठ्या भावाचे कपडे चोरून पळालेली टोळी दिसतो, आणि त्यातली निम्मी पोरं तर घरात थोरली होती.

चाचांचं दुकान बस स्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. मशीन अगदी दारात. येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडाकडे ते बघत नाहीत, शर्टाकडे बघतात. "काऊन बे सुधीर, खांदा उतरला तुया." खांदा माझा नसतो, रेडीमेड शर्टाचा असतो. आणि मी पडलो अपराधी स्वभावाचा माणूस. एस.टी.त शेजारी कोणी उभं असेल तर मला बसवत नाही. हॉटेलात दुसऱ्याचा डोसा माझ्यापुढे आला तर मीच वेटरची माफी मागतो. तेव्हा रेडीमेड शर्ट घालून चाचांच्या दारावरून जाणं मला जमत नाही. मी रस्ता ओलांडतो. पलीकडे नेमकं रेडीमेडचं दुकान आहे. मालक गिऱ्हाईक समजून आत बोलावतो आणि मला नाही म्हणवत नाही. माझ्याकडे आज जे शर्ट आहेत, त्यातले बरेचसे असे चाचांना चुकवताना घेतलेले आहेत.

त्यामुळे त्यांच्या दुकानाची पायरी चढायची वेळ आली, तेव्हा मला आधी शर्ट कुठला घालावा हा प्रश्न पडला.

वेळ आली ती ओवीमुळे. माझी मुलगी ओवी चौथीत आहे. शाळेच्या गॅदरिंगमध्ये तिचा वर्ग अंतराळातल्या एका सिनेमातला प्रसंग करणार होता, आणि दुसऱ्या ग्रहावरची सेनापती होती ओवी. ड्रेस मोबाईलवरून मागवायचं मी कबूल केलं आणि कबूल केल्याच्या समाधानात विसरलो. आठवण झाली तेव्हा ड्रेस गॅदरिंग उरकल्यावर पोचेल असं मोबाईल सांगू लागला. माझी बायको रंजना काही बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा मला फार ऐकू येतं. थोड्या वेळानं तिनंच सुचवलं की मुश्ताकचाचांना विचारा.

आम्ही गेलो तेव्हा चाचा एका पँटीची चेन बदलत होते. हल्ली त्यांच्याकडे हीच कामं येतात. चेन, उंची कमी करणं, कंबर ढिली करणं. लहान पोरांचे कपडे कोणी शिवायला टाकत नाही. ओवीला बघताच त्यांनी हातातली पँट बाजूला ठेवली, आणि माझ्या शर्टाबद्दल एक अक्षर काढलं नाही. याचीही मला टोचणी लागलीच.

ओवीनं मोबाईलवर चित्र दाखवलं. गळ्यापासून घोट्यापर्यंत अंगाला चिकटलेला चंदेरी पोशाख, छातीवर पट्ट्या, खांद्यावर दिवा. चाचांनी बोटांनी चित्र मोठं केलं. सेनापतीचं तोंड बाजूला सारून ते काखेतली शिलाई शोधू लागले. सापडली नाही. चिकटवलेलं दिसते, हा काही धंदा नाही, असा निकाल देऊन त्यांनी चौकशीला सुरुवात केली. तिकडे ऊन असते का थंडी? खिसे कुठं गेले?

सेनापतीला खिसे नसतात, असं ओवीनं सांगितलं.

"मंग रुमाल?"

तिकडे कोणाला सर्दीच होत नाही, ओवी म्हणाली.

"दुसऱ्या गावाले गेलं की सर्दी होतेच," चाचा म्हणाले, आणि आतल्या बाजूला एक खिसा ठरला.

पुढे नाडी निघाली. सिनेमातल्या पोशाखाला नाडी नसते, तिथं वजनच नसतं, सगळं तरंगतं, हे ओवीनं त्यांना हात हलवून समजावलं. चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मंग तं नाडी पाह्यजेच," ते म्हणाले. नाडीही ठरली.

कापड शेजारच्या सीट-कव्हरवाल्याकडून आलं. मोटारी झाकायचं चंदेरी कापड. छातीच्या पट्ट्यांना सीटचा फोम आणि रेक्झीन. पाठीवरच्या हवेच्या टाकीसाठी चाचांनी भाच्याचा फवारणीचा पंप देऊ केला, स्वच्छ धुवून. ओवीनं त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. टाकी आम्ही पाण्याच्या बाटल्यांचीच केली.

मग चाचा असे कामाला लागले की अर्ध्या गावाच्या पँटा चेनवाचून पडून राहिल्या. कोणी मागायला आलं की सांगायचे, सेनापतीचं काम चालू हाय. लोकांना वाटायचं पोलीस खात्याचं काहीतरी असेल. ते मुकाट्यानं परत जायचे.

गॅदरिंगच्या आदल्या दिवशी आम्ही ड्रेस घालून बघायला गेलो. ओवी पडद्यामागे गेली. पडद्यामागून बराच वेळ नुसती सळसळ ऐकू येत होती. मग ती बाहेर आली, म्हणजे आत ती असावी असा अंदाज. बाह्या बोटांच्याही खाली लोंबत होत्या. पँटीचा फाटा, म्हणजे दोन पाय फुटतात ती जागा, गुडघ्याशी. छातीच्या पट्ट्या पोटावर आलेल्या. पँट न्यायला आलेला एक माणूस बाकावर बसला होता. पावसाळ्यात मोटरसायकल अशीच झाकून ठेवावी, असं काहीसं तो बोलला आणि एकटाच हसला.

चाचा मात्र लांब उभे राहून समाधानानं बघत होते. त्यांनी बाहीला तीन घड्या घातल्या. "आतून टाके घालतो. येनाऱ्या साली एक घडी खोल, त्याच्या पुढच्या साली दुसरी."

ओवीला रडू आलेलं होतं, पण सेनापतीच्या हुद्द्यामुळे ती ते आवरून उभी होती. मला वाटलं, आता मीच चाचांना सांगायला हवं. पण त्यांनी सगळं काम सोडून शिवलं होतं. मी घसा खाकरला आणि काहीतरी भलतंच, बहुतेक शिलाई मजबूत झाल्याचं बोललो.

ओवीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"टेलर आजोबा," ती म्हणाली, "येणाऱ्या वर्षी मी सेनापती नसणार. हे फक्त उद्याचंच आहे. असं घालून मी नाही जाणार."

चाचांनी बाहीच्या घड्या सोडल्या, पुन्हा घातल्या, पुन्हा सोडल्या. बाकावरचा माणूस आपली पँट घेऊन निघून गेला. मग चाचांनी ओवीला ड्रेस काढायला सांगितला, चष्मा लावला आणि ब्लेडनं एकेक शिवण उसवायला घेतली. एवढ्या वर्षांत त्यांनी आपली शिवण गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून उसवलेली मी पाहिली नव्हती.

उसवून झाल्यावर त्यांनी ओवीचं नव्यानं माप घेतलं. खांद्याला टेप लावला. ओठ हलले, सवयीनं बेरीज सुरू झाली. ओवी डोळे वटारून उभीच होती.

"थोडंसं?" चाचांनी विचारलं.

"नाही."

"शिलाईपुरतं तं लागन, बेटा."

"शिलाईपुरतं चालेल."

दिवेलागणीपर्यंत ते मशीनवरून उठले नाहीत. पोशाख असा नेमका झाला की दुसऱ्या दिवशी ओवीला बसता येईना. प्रमुख पाहुण्यांचं भाषण तिनं मंडपामागे उभ्यानं काढलं. पाहुणे शिक्षणाच्या महत्त्वावर बोलत राहिले आणि एकटी सेनापती सावधान उभी राहिली. पण रंगमंचावर ती आली, दिव्यांचा झोत त्या कापडावर पडला, आणि अख्खा मंडप अहाहा म्हणाला. मागून कोणीतरी मोटारीचं कव्हर ओळखलं, तेही कौतुकानंच. चाचा खुर्चीवर बसले नव्हते. मंडपाच्या खांबाला टेकून उभे होते. ओवीनं तलवार उगारली तसा त्यांनी श्वास रोखला. काखेतली शिवण टिकली. त्यांनी श्वास सोडला आणि कोणाला न सांगता निघून गेले.

इथपर्यंत ही गंमतच होती आणि मी कचेरीत ती गंमत म्हणूनच सांगितली. चाचांची नक्कलही केली.

पुढच्या रविवारी सकाळी चाचा आमच्या घरी आले. त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच. मी रेडीमेड शर्टात होतो, तेव्हा घाईघाईनं तो काढून बनियनवरच त्यांचं स्वागत केलं. त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते माझ्या खांद्यावरून आत बघत होते.

"तुमचा फ्रिज कुठं हाय?"

रंजनाला वाटलं त्यांना थंड पाणी हवंय. तिनं पेला धरला, त्यांनी तो घेऊन न पिताच ओट्यावर ठेवला. एका दाराचा का दोन, असं विचारलं. एका दाराचा पाहून त्यांना बरं वाटलं. फ्रिजच्या माथ्यावर तळवा ठेवून ते म्हणाले, "बेटीले बोलाव जरा."

ओवी आली. त्यांनी तिला फ्रिजला पाठ लावून उभं केलं. तिचं डोकं आणि फ्रिजचा माथा अगदी बरोबरीनं आले. चाचांचा चेहरा उजळला. मग त्यांची नजर खाली गेली, फ्रिजखालच्या स्टँडवर, आणि ते तिथंच पाटावर बसले.

चाचांचा मुलगा अन्वर पूर्वी दुकानात त्यांच्या शेजारच्या मशीनवर बसायचा. दुकानात रेडीमेड ठेवू, असं तो म्हणायला लागला, त्यावरून बापलेकांत वाजलं, आणि तो बायको-मुलीला घेऊन सुरतेला गेला. एवढं गावाला माहीत होतं. पुढचं मला चाचांकडून पाटावर बसल्या बसल्या कळलं. अन्वर फोन करत नाही. तो कामावर गेला की सून कधीमधी करते, मिनिट दोन मिनिटं. नात सना आता सात वर्षांची आहे. परवाच्या फोनवर सून म्हणाली, सना घरातल्या एका दाराच्या फ्रिजएवढी झाली.

"तिच्याकडून मापच मागवा ना," मी म्हणालो. "मोबाईलवर पाठवेल. नाहीतर व्हिडिओ लावा."

"त्या व्हिडिओत सारेच बुटके दिसतात. अन् माप मागतलं तं त्याले समजन बाप शिवून राह्यला. मंग नको म्हनन. आलेलं पार्सल कोनी परत करत नाही."

रंजनानं विचारलं, आधी काही पाठवलं होतं का.

"दोन फ्रॉक पाठवले. वाढत्या मापाचे." चाचांनी हातानं लांबी दाखवली. "पेटीत जपून ठेवले म्हनते सून. मोठी झाली की घालन." त्यांनी हात खाली घेतला. "आंगावर अजून एकबी नाही."

कचेरीतली नक्कल मला आठवली आणि मी बनियनमध्ये अवघडून उभा राहिलो. मग रंजनाच कामाला लागली. तिनं दूध बाहेर काढलं, दही काढलं, लोणच्याची बरणी ओट्यावर ठेवली आणि मला म्हणाली, "बघता काय, स्टँड काढा."

त्यांच्याकडेही स्टँड असला तर, अशी शंका मी काढली. चाचांनी ती उडवून लावली. "अन्वर स्टँड घेनार नाही. चार विटाबी नाही ठेवनार. बापावरच गेला हाय." मग आम्ही दोघांनी दोन बाजूंनी फ्रिज उचलला. सत्तरीचा एक माणूस आणि पाठदुखीचा एक कारकून. रंजनानं पायानं स्टँड सरकवून घेतला. फ्रिज फरशीवर टेकला तेव्हा आम्हा दोघांनाही धाप लागली होती.

ओवी पुन्हा फ्रिजला लागून उभी राहिली. आता तिचं डोकं वर उरत होतं. चाचांनी पट्टी आडवी धरली.

"गुडघे वाकव बेटा. जराशी. आनखी. हां, इथं."

ओवी वाकून थांबली. चाचा तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि टेप लावू लागले. खांदा, पाठ, खांद्यापासून पोटरीपर्यंत. छाती थोडी कमी धरतो, आमचं पोरगं जेवत नाही, असं ते रंजनाला म्हणाले. आकडे सांगताना त्यांनी कशातच काही मिळवलं नाही. ओवीचे गुडघे थरथरत होते. एरवी एक मिनिट एका जागी न राहणारी ही मुलगी फ्रिजच्या उंचीएवढी होऊन मुकाट उभी होती.

माप घेऊन झालं. चाचांनी टेप गुंडाळला.

"आजोबा, आता सरळ होऊ?" ओवीनं विचारलं.

"थांब बेटा," चाचा म्हणाले. ते अजून तिच्यासमोर तसेच बसलेले होते. "अजून जराशी थांब."