नऊ प्रकल्प, एकच सेटिंग

शिस्त एकाच ठिकाणी लिहून ठेवली की ती सगळीकडे आपोआप पाळली जाते, हे आता सर्वमान्य आहे. (पाळली न गेल्याची उदाहरणं नोंदवायला वेगळी जागा ठेवलेली नाही.)

माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला कळेल अशा भाषेत जो उतरवून देतो, त्याला कंपायलर म्हणतात. हे काम करता करता तो शंका काढतो. किती शंका बोलून दाखवायच्या आणि किती पोटात ठेवायच्या, हे त्याच्या सेटिंगमध्ये लिहिलेलं असतं. त्या कंपनीत नऊ प्रकल्प होते आणि नऊ तऱ्हेची सेटिंग. प्रत्येक टीमने ती आधीच्या टीमकडून उचललेली, आणि न कळणाऱ्या ओळींना कुणी हात लावत नसे. एका फाइलमध्ये तर कधीच मोडीत निघालेल्या प्रिंटरविषयी ओळ होती. तो प्रिंटर पाहिलेला शेवटचा माणूस निवृत्त झाला होता. ओळ सेवेत होती.

अशा ठिकाणी भौतिकशास्त्र शिकलेली एक मुलगी रुजू झाली. प्रत्येक गोष्ट डोळे बारीक करून बघायची तिला खोड, म्हणून सगळे तिला भिंग म्हणत. भिंगने सुचवलं की सेटिंग एकच लिहावी आणि सगळ्यांनी तीच वापरावी. साहेबांना कल्पना फार आवडली, कारण 'एकच' हा शब्द त्यांना कुठल्याही वाक्यात आवडतो. हे नीट पार पाड, तुला पर्मनंट करतो, असं ते म्हणाले.

भिंगने फाइल जीव ओतून लिहिली. कंपायलरने प्रत्येक शंका काढावी आणि ती मिटेपर्यंत अडून बसावं, असं त्यात ठरलं. कुणी पळवाट काढू नये म्हणून तिने एक नियमही केला: कोणत्याही प्रकल्पाला स्वतःची वेगळी ओळ ठेवता येणार नाही. (या नियमाचं टाळ्या वाजवून स्वागत झालं. तिला तेव्हाच संशय यायला हवा होता.)

फाइल लागू झाली आणि नऊही प्रकल्प जागच्या जागी थांबले. शंका चार हजारांवर गेल्या. बहुतेक किरकोळ होत्या. एक नव्हती. लिफ्टच्या प्रकल्पात आतल्या माणसांच्या एकूण वजनाचा आकडा मेमरीतल्या ज्या खणात साठवला जाई, तो खण लहान होता. भरला की आकडा पुन्हा शून्यापासून सुरू. म्हणजे नववा माणूस शिरला की जास्त वजनाची घंटा वाजणार, आणि दहावा शिरला की थांबणार. लिफ्ट सुखाने निघणार, कारण तिच्या मते ती जवळजवळ रिकामी.

भिंग धावतच लिफ्टच्या टीमप्रमुखांकडे गेली. त्यांना सगळे दादा म्हणत. दादांनी समजावलं की प्रोग्रॅमचं एक अक्षर बदललं तरी लिफ्टची सगळी तपासणी नव्याने करून घ्यावी लागते. सेटिंगला तपासणी लागत नाही, कारण सेटिंग म्हणजे प्रोग्रॅम नव्हे. तेव्हा 'ही शंका काढू नये' एवढी ओळ टाकली की झालं.

"मग ती फक्त तुमच्या प्रकल्पात टाकते," भिंग म्हणाली.

"अगं, असं कसं? नियम तुझाच ना?"

सामायिक फाइलमध्ये ओळ पडली, की कंपायलर नऊही प्रकल्पांत त्या बाबतीत तोंड मिटणार होता.

"दादा, दहा माणसं चढली तर?"

"चढतील कशी? आत पाटी आहे, आठ व्यक्तींसाठी म्हणून. लोकांना वाचता येत नाही का?"

बैठकीत हा मुद्दा एकमताने मान्य झाला. तो झालेला पाहून उरलेल्या आठ प्रमुखांनाही आपापल्या नकोशा शंका आठवल्या. चहा येईपर्यंत फाइलमध्ये कंपायलरने बोलावं असं काही शिल्लक उरलं नाही. (प्रिंटरची ओळ मात्र खबरदारी म्हणून जुन्या फाइलमधून आणून ठेवली.)

मंजुरीचं बटण भिंगच्या हातात होतं आणि पर्मनंटचा निर्णय साहेबांच्या. आईने शेजारीपाजारी आधीच सांगून टाकलं होतं. भिंगने बटण दाबलं.

नऊ प्रकल्प, शून्य शंका. इतकी शिस्त कंपनीने कधी पाहिली नव्हती. ती फाइल आता इतर कंपन्यांनाही मोफत दिली जाते आणि तिला मागणी उत्तम आहे. भिंग हल्ली सहा मजले जिन्याने चढते. पर्मनंट झाल्यावर पोरगी तब्येतीकडे लक्ष द्यायला लागली, असं दादा कौतुकाने सांगतात.

राहता राहिले तुम्ही. घंटा वाजत असलेल्या लिफ्टमध्ये "सरका हो जरा, एक जण मावेल" म्हणत तुम्ही शिरता, आणि घंटा अचानक थांबते, तेव्हा सगळ्यांना किती बरं वाटतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.