छातीभर पाण्याची जबाबदारी

रोसारियोतल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर पोहण्याचा तलाव होता आणि त्यात पाणीही होतं. एवढ्यावर कुणाचं काही बिघडलं नसतं, पण तिसऱ्या मजल्यावरच्या नेलिदाबाईंचा गुडघा बिघडला. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या पुरे झाल्या, रोज पाण्यात उतरा." आमच्याकडे जानेवारी म्हणजे भर उन्हाळा, ऊन मी म्हणत होतं. बाई पोहायची नवी टोपी घेऊन गच्चीवर गेल्या, तर फाटकाला कुलूप.

समितीचे अध्यक्ष अर्रेगी शेजारीच निखाऱ्यांवर मांस भाजत होते. तलाव बंद असला तरी रविवारचा असादो कधी बंद नसे.

"बाई, तुम्ही घसरलात तर कोर्टात कोण जाणार? मी! आधी वकीलसाहेब नियम करू देत."

वकील बेल्त्रामे पाचव्या मजल्यावर राहत. त्यांचा सिद्धांत सोपा होता. जो काही करतो, तो अडकतो. जो हातावर हात ठेवून बसतो, त्याच्या केसालाही कायदा धक्का लावू शकत नाही.

त्यानुसार तलावाच्या काठावरचा पाण्याच्या खोलीचा आकडा रंगवून बुजवण्यात आला, कारण आकडा चुकला तर फसवणूक आणि बरोबर निघाला तर जाहीर कबुली. जीवरक्षक ठेवणं सक्तीचं होतं, म्हणून नावेल नावाच्या तरुणाला नेमलं. पण त्याला पाण्यात इजा झाली तर? म्हणून त्यानं ओलं होऊ नये, असं करारात घातलं. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत बुरशी आहे का, हे आमच्याकडे पोहण्याआधी तपासतात; त्यासाठी डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी नेलिदाबाईंच्या डाव्या पायाची हमी दिली. उजव्याबद्दल त्यांना काही म्हणायचं नव्हतं. जेवल्यावर दोन तास पाण्यात उतरायचं नाही, हा आमच्या आज्यांचा नियम तर सर्वात वर लिहिला. प्रत्येक ठराव हात वर करून मंजूर झाला. नेलिदाबाईंनीही हात वर केला. दुखत होता तो गुडघा.

उद्घाटनाला सगळे भरल्या ताटांनिशी जमले. नियमांचा फलक नीट दिसावा म्हणून बेल्त्रामे एक पाऊल मागे सरकले, मग आणखी एक, आणि पाठमोरे तलावात पडले.

"वाचवा!"

"मला ओलं व्हायची परवानगी नाही," नावेल हळहळून म्हणाला.

"दोरी टाकू का?" कुणीतरी विचारलं.

"आणि तुटली म्हणजे?" अर्रेगी ओरडले. "वकीलसाहेब, काय करावं?"

"काही... कबूल... करू नका!" गटांगळ्यांमधून सल्ला आला.

नेलिदाबाईंनी तोंडातला घास कसाबसा गिळला आणि धपकन उडी मारली. पाणी त्यांच्या छातीपर्यंत आलं.

"अहो, उभे राहा!"

बेल्त्रामे उभे राहिले.

पुढच्या सभेला ते मानेला पट्टा बांधून आले. बाई जेवणानंतर लगेच पाण्यात उतरल्या होत्या, आणि पात्रता नसताना त्यांनी बुडत्या माणसाला सल्ला दिला होता. उभं राहताना मान लचकली ती त्या सल्ल्यामुळेच. सारी जबाबदारी बाईंची ठरली. त्यांना पाण्यात उतरायला आणि तलावाबद्दल बोलायला कायमची बंदी झाली. काहीही न केल्याबद्दल बाकीच्यांचे आभार मानण्यात आले. भराभर हात वर झाले. बाई तरातरा निघून गेल्या आणि जिन्यात त्यांच्या लक्षात आलं की गुडघा दुखत नाहीये. त्यांना रडूच आलं.

पुढच्या रविवारी काठालगतच्या फाटकाला दुसरं कुलूप लावताना अर्रेगी घसरून पाण्यात पडले. ताटं हातात धरून सगळे काठावर जमले. नेलिदाबाई खुर्चीत बसून माते नावाचा आमचा कडू चहा पीत होत्या.

"बाई, बोला ना काहीतरी!"

"मला बंदी आहे बाबांनो. हात तुम्हीच वर केले होते ना?"

पाणी किती आहे ते आता प्रत्येकाला ठाऊक होतं. अर्रेगींनाही होतं, पण उभं राहणं म्हणजे तलाव सुरक्षित असल्याची कबुली झाली असती. ते निष्ठेनं गटांगळ्या खात राहिले.

वाचकहो, पाणी छातीभरच आहे हे तुम्हीही मघाशी वाचलंत. मग ओरडून सांगत का नाही?

बरोबर आहे. आधी वकिलाला विचारा.